कथास्पर्धांच्या आवाहनांत काय छापावे आणि कथा पाठवणाऱ्याने काय पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांची आणि कथास्पर्धांची आवाहने वर्तमानपत्रांच्या साहित्य पानांवर उन्हाळ्यापासून येऊ लागतात. बहुतेकांत संस्थेचे नाव, पहिल्या बक्षिसाची रक्कम, शेवटची तारीख आणि एक मोबाइल क्रमांक, एवढेच असते. शब्दमर्यादा किती, समाजमाध्यमावर टाकलेली कथा चालेल का, निकाल कधी लागणार, कथेचे हक्क कोणाकडे राहणार, हे विचारायला प्रत्येक जण त्या एका क्रमांकावर फोन करतो. बरेच जण विचारतही नाहीत आणि कथा पाठवून मोकळे होतात. अंकांचे संपादन आणि स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्या आम्हा काही जणांच्या टेबलावर मग चांगल्या कथांचाही ढीग साचतो. पण त्या चुकीच्या अंकाकडे, उशिरा किंवा नियमात न बसणाऱ्या रूपात आलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळ ‘साभार परत’ला कथेचा कस कारणीभूत नसतो. म्हणून हे पत्र थोडे तपशिलात लिहीत आहोत.

पहिला घोळ वेळेचा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष या सणाला बांधले गेले. पण लेखक आजपासून दिवाळीपर्यंत पुढे मोजतो, तर संपादकाला दिवाळीपासून मागे मोजावे लागते. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अंक विकला जायचा तर तो तीनेक आठवडे आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर स्टॉलवर आणि वाचनालयात हवा. छपाई आणि बांधणीला दोन-तीन आठवडे धरा. सप्टेंबर संपायच्या आत फॉर्मे, म्हणजे छापायला तयार पानांचे गठ्ठे, छापखान्यात गेले पाहिजेत. त्याआधी अक्षरजुळणी, चित्रकाराकडून चित्रे, मांडणी, दोन वेळा मुद्रितशोधन आणि जाहिरातींच्या पानांची ओढाताण यांत महिना-दीड महिना जातो. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर कोणत्या कथा घ्यायच्या हे ठरलेले असते आणि खरे वाचन जून-जुलैत होते. गणपतीत पाठवलेली कथा यंदाच्या अंकासाठी नसतेच. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते, त्या वर्षी हे सगळे आणखी दोन-तीन आठवडे अलीकडे सरकते. ज्याची कथा एप्रिल-मेमध्ये पोहोचते, त्याची कथा संपादक निवांत वाचतो. ऑगस्टमध्ये तो पहिले पान वाचून निर्णय घेतो. त्याला दुसरा इलाजच नसतो.

दुसरा घोळ अंक न वाचता पाठवण्याचा. ‘आवाज’ विनोदासाठी, ‘धनंजय’ रहस्य आणि गूढकथेसाठी, ‘मौज’ सावकाश उलगडणाऱ्या गंभीर कथेसाठी ओळखला जातो, हे वाचकालाही ठाऊक असते. तरी एकच कथा तिघांकडे जाते. यावर उपाय सोपा आहे आणि तो वाचनालयातच मिळतो. ज्या अंकाकडे पाठवायचे आहे त्याचे लागोपाठचे तीन वर्षांचे अंक मागवून घ्यावेत आणि वही घेऊन बसावे. दर अंकात कथा किती, प्रत्येकीची लांबी किती, कथा गावाकडची की शहरातली, निवेदन प्रथमपुरुषी किती, शेवट मिटवलेला की उघडा, हे टिपावे. मग लेखकांची नावे पाहावीत. तिन्ही वर्षी तीच आठ-दहा नावे फिरून येत असतील तर तो अंक निमंत्रितांचा आहे. तिथे अनाहूत कथेला जागा एखादीच. दर वर्षी दोन-तीन अनोळखी नावे दिसत असतील तर तिथे नव्या माणसाची कथा वाचली जाते, असे समजायला हरकत नाही. आवाहनापेक्षा ही नोंद कितीतरी जास्त सांगून जाते.

लांबीचा अंदाज डोळ्याने घेऊ नये, मोजावा. दोन रकान्यांचे पान, एका रकान्यात ४० ओळी, ओळीत सरासरी ६ शब्द, असे असेल तर पानात ४८० शब्द बसतात. कथा सहा पानांची असून चित्राने आणि शीर्षकाने मिळून एक पान घेतले असेल, तर पाच पानांचे २,४०० शब्द झाले. अंकातल्या पाच-सहा कथा अशा मोजल्या की त्या संपादकाला किती लांबीची कथा पेलते ते कळते. आवाहनात ‘तीन हजार शब्दांपर्यंत’ लिहिले असले आणि छापलेल्या कथा दोन-अडीच हजारांत संपत असल्या, तर २,९९० शब्दांची कथा पाठवण्यात शहाणपण नाही. नवख्याच्या लांब कथेसाठी जाहिरातीचे पान कोणी हलवत नाही.

दिवाळी अंकांपलीकडे वर्षभर चालणारी नियतकालिकेही आहेत आणि कथाकार त्यांच्याकडे विनाकारण पाठ फिरवतात. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना बालभारतीचे ‘किशोर’ १९७१पासून आहे. साहित्य संस्थांची मुखपत्रे आहेत: विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’. यांतला समीक्षेचा आणि कथा-कवितेचा वाटा अंकागणिक वेगळा असतो. तो अंक चाळूनच कळतो. मासिकाला दर महिन्याला मजकूर लागतो, म्हणून तिथे वर्षातली कोणतीही वेळ चालते. दिवाळीच्या तोंडावर मात्र त्यांचेही हात त्याच कामात अडकलेले असतात. पत्ता आणि ईमेल श्रेयनामावलीच्या पानावरून, आणि तोही ताज्या अंकातूनच घ्यावा. जुन्या यादीतला पत्ता म्हणजे बदललेल्या संपादकाच्या घरी गेलेली कथा.

नाव कधी ऐकलेले नसेल असा अंक किंवा मासिक कथा मागत असेल तर त्याची नोंदणी पाहता येते. १८६७चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला आहे आणि भारताच्या प्रेस महानिबंधकांच्या संकेतस्थळावर नियतकालिकाचे नाव शोधता येते. नोंदणी असली म्हणजे अंक चांगला असे नव्हे. पण नोंदणी नाही, मागचा एकही अंक कुठे पाहायला मिळत नाही आणि छापण्याआधी ‘सहभाग शुल्क’ मागितले जाते, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर कथा घरीच ठेवावी.

आता स्पर्धा. प्रवेशशुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा फसवी नसते. परीक्षकांचे मानधन, टपाल, समारंभ यांना पैसा लागतो. पण हिशेब घरी मांडता येतो. समजा शुल्क ३०० रुपये आहे, मागच्या वर्षी २०० कथा आल्याचे आयोजकांनीच सांगितले आहे आणि तिन्ही बक्षिसे मिळून १०,००० रुपये आहेत. जमा ६०,००० झाली. उरलेले ५०,००० कुठे गेले याचे उत्तर नियमावलीत किंवा मागच्या निकालपत्रात सापडले पाहिजे. परीक्षकांची नावे निकालानंतर तरी जाहीर होतात का, विजेत्या कथा कुठे छापल्या जातात का, हे पाहावे. आणखी एक प्रकार गेल्या काही वर्षांत बोकाळला आहे: आलेली जवळपास प्रत्येक कथा ‘निवडली’ जाते, तिचा ‘प्रातिनिधिक संग्रह’ निघतो आणि लेखकाला पाच-दहा प्रती विकत घ्याव्या लागतात. याला स्पर्धा म्हणू नये. ही वाटून घेतलेली छपाई आहे. ज्याला तशीच हवी असेल त्याने ती जरूर घ्यावी, पण परिचयपत्रात ‘पुरस्कारप्राप्त’ लिहू नये.

पुरस्कार आणि स्पर्धा यांतही गल्लत होते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकाला मिळतो आणि तो ५०,००० रुपयांचा आहे, पण तो पुस्तकासाठी असतो. एक कथा घेऊन तिथे जाता येत नाही. आवाहन वाचताना ‘कथा’ आणि ‘कथासंग्रह’ हे शब्द नीट पाहावेत.

निनावी परीक्षणाच्या नियमाकडे स्पर्धक सर्वांत कमी लक्ष देतात आणि बाद होण्याचे ते मोठे कारण आहे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपले मूळ नाव परीक्षकांच्या नजरेवर दाब आणेल हे त्यांनी ओळखले होते. आजच्या स्पर्धांत हाच हेतू नियमाने साधतात: कथेवर नाव नको, माहिती वेगळ्या पानावर. नाव पहिल्या पानावरून काढले तरी ते तीन जागी उरते. एक, दर पानाच्या डोक्यावर आपोआप छापल्या जाणाऱ्या ओळीत. दोन, फाइलच्या नावात. तीन, फाइलच्या गुणधर्मांत ‘लेखक’ या रकान्यात, जिथे संगणकाच्या मालकाचे नाव आपसूक जाऊन बसते. तिसरे कोणाच्याच लक्षात येत नाही. वर्डमध्ये फाइलच्या माहितीच्या पानावर दस्तऐवज तपासण्याची सोय असते; तिथून वैयक्तिक माहिती काढून फाइल पुन्हा जतन करावी. कथेच्या शेवटी सही, गावाचे नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’ लिहिण्याची सवयही इथे सोडावी.

शब्दमर्यादेत शीर्षक मोजतात का हे दिले नसेल तर मोजतात असे धरावे आणि मर्यादेच्या शंभरेक शब्द आत राहावे. विषय दिलेली स्पर्धा असेल तर जुन्या कथेच्या शेवटच्या परिच्छेदात तो विषय चिकटवून पाठवू नये. परीक्षकाला ते ठिगळ लगेच दिसते, कारण त्याच्यासमोर तशी वीस-पंचवीस ठिगळे असतात. शेवटची तारीख ही कथा पोहोचण्याची की टपालाच्या शिक्क्याची, हे विचारून घ्यावे. ऑनलाइन अर्ज असेल तर शेवटच्या रात्री भरू नये. फाइल चढत नाही, पैसे कापले जातात आणि पोच येत नाही. दुसऱ्या दिवशी आयोजक काही करू शकत नाहीत.

‘अप्रकाशित’ या शब्दावरून सर्वांत जास्त वाद होतात. फेसबुकवर टाकलेली, व्हॉट्सॲपच्या गटात फिरलेली, डिजिटल कथामंचावर वाचकांनी वाचलेली कथा पुष्कळ आयोजक प्रकाशित धरतात. ‘मी ती नंतर काढून टाकली’ हा बचाव टिकत नाही, कारण एखादी ओळ शोधयंत्रात टाकली की जुनी प्रत वर येऊ शकते. म्हणून स्पर्धेत किंवा अंकाकडे पाठवायची कथा आधी कुठेही टाकू नये. मित्रांचे मत हवे असेल तर दोघा-तिघांना फाइल पाठवावी. अभिवाचनाच्या कार्यक्रमात वाचलेली कथा बहुधा चालते, पण त्या वाचनाचे चित्रीकरण यूट्यूबवर गेले असेल तर विचारल्याशिवाय पाठवू नये.

एकच कथा अनेकांकडे पाठवण्याबद्दल आमचे मत ठाम आहे: दिवाळी अंकांच्या बाबतीत ते करू नये. जूनमध्ये सहा ठिकाणी कथा जाते, ऑगस्टमध्ये दोघे घेतात, त्यांतला एक कळवायचे विसरतो आणि दिवाळीत तीच कथा दोन अंकांत येते. दोन्ही संपादकांनी चित्रकाराचे पैसे दिलेले असतात. त्यानंतर त्या लेखकाची कथा ते दोघेही घेत नाहीत आणि संपादक एकमेकांशी बोलतात. त्याऐवजी एक वही ठेवावी: कथेचे नाव, शब्दसंख्या, कोणाकडे, कोणत्या तारखेला, कशाने पाठवली, पोच कधी, उत्तर कधी, पुढे कोणाकडे. चार-पाच कथा तयार असतील तर त्या एकाच वेळी चार-पाच ठिकाणी, पण एकेकच, फिरत राहतात. दोन महिन्यांत काही कळले नाही तर दोन ओळींचे पत्र पाठवावे. रोज फोन करू नये. अंक बाजारात आला आणि आपली कथा त्यात नाही, तर ‘ही कथा आता अन्यत्र पाठवत आहे’ असे कळवून मोकळे व्हावे. काही संपादक कथा पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवतात आणि सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्र गरजेचे.

कथा कोणत्या रूपात पाठवावी यावर थोडे अधिक लिहायला हवे, कारण इथे संपादकाचे खरे तास वाया जातात. युनिकोडमध्ये टंकलेली वर्डची फाइल हवी. केवळ पीडीएफ पाठवली तर तिच्यातून मजकूर उचलताना पहिली वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात आणि सगळे पुन्हा टंकावे लागते. दिसायला बरी म्हणून पीडीएफ सोबत जोडावी, वर्डच्या जागी नव्हे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर बदलून घेतला असेल तर ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘कॅ’, ‘ॲ’ असलेले शब्द एकेक पाहावेत. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्‌या’ हमखास होते. बोलून टंकलेल्या कथेत विरामचिन्हे नसतात आणि संवाद एकाच परिच्छेदात गुंततात, म्हणून ती पाठवण्याआधी मोठ्याने वाचून परिच्छेद पाडावेत. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत कथा पाठवू नये. एखादा तुकडा मागेपुढे होतो आणि कोणाला कळतही नाही. हस्तलिखित घेणारे अंक अजून आहेत. त्यांच्यासाठी कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, पानांना क्रमांक घालून लिहावे आणि झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी. परत हवी असेल तर पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट जोडावे.

सोबतचे पत्र पाच-सहा ओळींचे पुरते. कथेचे नाव, शब्दसंख्या, ती अप्रकाशित आहे आणि अन्यत्र पाठवलेली नाही असा खुलासा, पूर्वी कुठे छापून आले असेल तर दोन नावे, पत्ता आणि फोन. कथेचा सारांश आणि तिच्यातून काय सांगायचे आहे, हे लिहू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबद्दल विचारले असेल तर खरे लिहावे. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा घेणेच थांबवावे लागले होते. तेव्हापासून असा खुलासा मागण्याची पद्धत वाढली आहे.

हक्कांच्या कलमाकडे मात्र आयोजकांनी आणि लेखकांनी, दोघांनीही अधिक गांभीर्याने पाहायला हवे. ‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य एका नियमावलीतून दुसरीत उतरत जाते. त्याचा अर्थ असा की वरच्या उदाहरणातल्या २०० कथांपैकी न जिंकलेल्या १९७ कथांवरही लेखकाने पाणी सोडायचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा पहिला मालक लेखक असतो, आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम १९ सांगते की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे म्हटले नसेल, तर तो लेखकाकडे परत येतो. लेखक म्हणून आपले नाव लागण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही राहतो.

अंकाला प्रत्यक्षात लागतो तो एकच हक्क: ती कथा एकदा, प्रथम छापण्याचा. म्हणून लेखकाने होकार देताना एवढे लिहावे: ‘या वर्षीच्या अंकात एकदा छापण्यास परवानगी, श्राव्य, दृक्‌श्राव्य, अनुवाद, डिजिटल आणि पुस्तकरूप हे सर्व हक्क माझ्याकडे.’ चांगला संपादक याला हरकत घेत नाही. ऑडिओ मंच आणि वेबमालिका आल्यापासून या एका वाक्याचे मोल वाढले आहे. मानधन किती, कधी, किती लेखकप्रती, हेही होकाराच्या वेळीच विचारावे. विचारण्यात संकोचाचे काही नाही. जे अंक मानधन देऊ शकत नाहीत, त्यांनी तसे आवाहनातच सांगावे. त्यांनाही कथा मिळतात.

मराठीबाहेर पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. राष्ट्रकुल कथा पुरस्काराला प्रवेशशुल्क नाही, कथा २,००० ते ५,००० शब्दांची आणि अप्रकाशित लागते. इंग्रजीखेरीज काही भाषांत थेट पाठवता येते. त्यांत बंगाली आणि तमीळ आहेत, मराठी नाही, पण मराठीतून इंग्रजीत केलेला अनुवाद चालतो. इथे शब्दमर्यादेचा सापळा आहे. ‘घरासमोरच्या’ या आपल्या एका शब्दाचे इंग्रजीत तीन ते पाच शब्द होतात. ४,००० शब्दांची मराठी कथा इंग्रजीत पाच हजारांच्या पुढे सहज जाते. मूळ कथा मराठीत छापून आली असेल तर ती अप्रकाशित ठरते का, हे त्या वर्षीच्या नियमांत आधी पाहावे.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ‘सबमिशन ग्राइंडर’ ही मोफत आणि ‘ड्युओट्रोप’ ही वर्गणीची नोंदवही उपलब्ध आहे. कोणते मासिक किती शब्द घेते, किती दिवसांत उत्तर देते, किती मानधन देते, हे तिथे एका जागी पाहता येते. मराठीत असे सर्वांसाठी खुले कोष्टक आमच्या पाहण्यात नाही. ते वर्तमानपत्राला सहज देता येईल, म्हणून आपल्याला विनंती करतो. एप्रिल ते जुलै या काळात साहित्य पानावर महिन्यातून एकदा असे कोष्टक द्यावे: अंक किंवा स्पर्धेचे नाव, शेवटची तारीख आणि ती पोहोचण्याची की पाठवण्याची, शब्दमर्यादा, कथा कोणत्या रूपात हवी, पूर्वप्रसिद्धीची अट, शुल्क आणि मानधन, हक्क, निकालाची तारीख. आयोजकांना हे आठ रकाने भरून पाठवायला सांगावे आणि जो रकाना रिकामा येईल तो तसाच रिकामा छापावा.

आपले,
कथास्पर्धांचे काही परीक्षक आणि अंकसंपादक